वजनाला माणूस हवा

पुणतांब्यावरून वाहणारे पाणी मुंबईच्या समुद्राला पाठ दाखवून निघालेले असते. गोदावरी त्र्यंबकेश्वराला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण मध्ये सह्याद्री आडवा, म्हणून नदी पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटरांची पायपीट करून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. नदीकाठच्या एखाद्याने पाण्यामागोमाग चालायचे ठरवले तर तो भलत्याच समुद्रावर पोहोचेल. पुणतांब्याला लोक ओळखतात ते चांगदेवांच्या समाधीमुळे, दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा जिथे फुटतो त्या जंक्शनमुळे आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. यॉट हा शब्द गावात निघालाच तर सिनेमातल्या खलनायकाच्या संदर्भात निघेल.

हे प्रकरण मुद्दाम इथून सुरू करतो आहे. मुंबईत कफ परेडला राहणाऱ्याने यॉट क्लबात कसे शिरावे हे सांगायला पुस्तक लागत नाही, शेजारी सांगतो. पण समजा, पुणतांब्यातल्या एखाद्या अकरावीतल्या मुलीला किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या गुरुजींना वाटले, की एकदा शिडाच्या बोटीत बसावे, नुसते फिरायला नव्हे तर हातात दोर घेऊन, तर त्यांनी कुठे जावे, कुणाला काय म्हणावे?

आधी या शब्दाची भीती घालवू. 'यॉट' मूळचा डच. अर्थ शिकारीशी, पाठलागाशी जोडलेला. चाचे, चोरटे व्यापारी यांच्या मागे लागणारी हलकी, चपळ होडी ती यॉट. १६६० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला डच लोकांनी 'मेरी' नावाची अशी एक होडी भेट दिली आणि राजाला तिचे वेड लागले. मग दरबाऱ्यांनाही लागले. पाठलागाची होडी शर्यतीची झाली. आज क्लबांच्या भाषेत यॉट म्हणजे शर्यतीसाठी किंवा हौसेसाठी वापरलेली, बहुधा शिडाची, बोट. तिला झुंबरे आणि स्विमिंग पूल असलेच पाहिजेत असे नाही. जगभर लहान मुले ज्या 'ऑप्टिमिस्ट' होडीत शिकतात ती २.३ मीटर लांब असते, म्हणजे अंगणातल्या बाजेपेक्षा थोडी मोठी. अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स याने १९४७ मध्ये ती आखली, ती मुळी गल्लीतल्या पोरांना परवडावी म्हणून. आणि बोटीवरचे बाकीचे शब्द तर आपल्या घरातलेच आहेत: शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, खलाशी, तांडेल. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते ज्या किनाऱ्यावर नांदली तिथल्या भाषेला या बाबतीत उसनवारी फार करावी लागत नाही.

जगातला सगळ्यात जुना यॉट क्लब आपले मूळ आयर्लंडमधल्या कॉर्कच्या १७२० सालच्या 'वॉटर क्लब'मध्ये शोधतो. मुंबईचा क्लब १८४६ चा. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला 'रॉयल' म्हणवून घेण्याची मुभा दिली आणि तो रॉयल बॉम्बे यॉट क्लब झाला. शहराचे नाव बदलले तरी क्लबाने आपले बदललेले नाही. जागा अपोलो बंदरावरची. हा क्लब तिथे आला तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गेटवेचे उद्घाटन १९२४ चे. क्लबातले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्या धक्क्यावर उतरत होते. आज गेटवेसमोर दिसणारी, लाकडी सज्ज्यांची उंच इमारत १८९६ नंतरच्या दोनेक वर्षांत उभी राहिली. ती सभासदांच्या राहण्याच्या खोल्यांसाठी होती. मूळ क्लबघर तिच्या जवळच, अगदी पाण्यालगत होते.

त्या मूळ क्लबघराची गोष्ट मला फार आवडते. इंग्रजी अमदानीत तिथे सभासदत्व फक्त युरोपीय लोकांना. बोटी ओढणारे, शिडे शिवणारे, नांगर काढणारे हात इथले होते, पण व्हरांड्यातल्या खुर्च्या त्यांच्यासाठी नव्हत्या, आणि तशा त्या शहरातल्या करोडपती भारतीयांसाठीही नव्हत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर विलिंग्डन यांना दोन्ही समाजांना एकत्र बसता येईल असा वेगळा क्लब काढावासा वाटला, तो या आणि अशा बंद दारांमुळे. पुढे स्वातंत्र्य आले, आणि १९४९ मध्ये त्या जुन्या क्लबघरात होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था राहायला आली. नेव्ही नगरला १९६२ मध्ये स्वतःची नवी इमारत होईपर्यंत देशातले गणित आणि भौतिकशास्त्र तिथे घडत होते. आजही ती जागा अणुऊर्जा खात्याकडे आहे आणि खात्याच्या कागदांवर तिचे नाव चक्क 'ओल्ड यॉट क्लब' असेच येत राहिले. जिथे भारतीयाला सोडाव्हिस्की मिळत नव्हती तिथे भारतीयांनी अणू फोडायची तयारी केली. आणि क्लबाने बिऱ्हाड समोरच्या खोल्यांत हलवले.

आता दाराकडे येऊ. अशा जुन्या क्लबात सभासद होण्याची रीत जगभर साधारण सारखीच असते. एक सभासद तुमचे नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. दोघांनी तुम्हाला ओळखत असले पाहिजे, नुसती सही चालत नाही. मग नाव फळ्यावर लागते, समितीतले लोक तुम्हाला चहाला बोलावून निरखतात, आणि मत होते. पूर्वी हे मत पेटीत गोळ्या टाकून देत: पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. एखाददुसरी काळी गोळी निघाली तरी माणूस बाद, आणि कुणी टाकली ते कधीच कळायचे नाही. गोळ्या गेल्या, गुप्तता राहिली. शिवाय प्रवेश फी, वार्षिक वर्गणी आणि प्रतीक्षा यादी. मुंबईच्या नामांकित क्लबांच्या प्रतीक्षा याद्यांवर वर्षे जातात. हौशी माणसाने या रांगेत उभे राहून आयुष्य घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहुणा म्हणून जाण्याची रीत त्याहून सोपी आणि जास्त गमतीची. तुम्हाला आणणारा सभासद बरोबर हवा. वहीत नाव त्याने लिहायचे, बिलावर सही त्याने करायची. तुम्ही खिशातून पाचशेची नोट काढलीत तर वेटर नम्रपणे हात मागे घेईल. हा अपमान नसतो. क्लबाच्या आत पैसे सभासदाच्या खात्यावरच चढतात. चपला, अर्धी विजार आणि बिनकॉलरचा शर्ट पुष्कळ ठिकाणी चालत नाही. घडीचा कुर्ता-पायजमा आणि गांधी टोपी घालून जाणाऱ्या माणसाने आधी फोन करून विचारलेले बरे, कारण याबाबत प्रत्येक क्लबाची अक्कल वेगवेगळी. अध्यक्षाला इथे कमोडोर म्हणतात, त्याच्या खाली व्हाइस आणि रिअर कमोडोर. पण तुमच्या कामाचा माणूस यांतला कुणीच नाही. तुमच्या कामाचा तो सेलिंग सेक्रेटरी, शर्यतींचे वेळापत्रक सांभाळणारा, आणि त्याच्याही आधी काठावरचा बोटमन, ज्याला कुठल्या बोटीत आज माणूस कमी पडतोय ते ठाऊक असते. दुसऱ्या शहरातला सभासद असेल तर काम आणखी हलके. क्लबाक्लबांचे एकमेकांशी करार असतात आणि मद्रासच्या क्लबाचे पत्र मुंबईत ओळखपत्रासारखे चालते.

पण पुणतांब्याच्या गुरुजींकडे असले पत्र नाही. त्यांना स्वतःच लिहायचे आहे, आणि इथे त्यांच्याच गावच्या योग्याची आठवण येते. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना कोवळ्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर वयाने लहान. मायना जमेना म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. क्लबाला पहिले पत्र लिहिणाऱ्याची अवस्था नेमकी तशी होते. 'माननीय महोदय' लिहावे की 'प्रिय सर'? आपण कोण म्हणून लिहावे? 'मला शिडाच्या बोटीचा काहीही अनुभव नाही' हे लिहिले तर पत्र टोपलीत जाईल का?

जाणार नाही. पण त्यात एक गोष्ट मात्र लिहिलेली हवी, जी कुठल्याही नोकरीच्या अर्जात कुणी लिहीत नाही: तुमचे वजन.

हे का, ते कळायला बैलगाडी आठवा. उसाच्या मोळ्या मागे जास्त रचल्या गेल्या की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते, बैलांच्या माना ताणतात. मग गाडीवान काय करतो? कुणालातरी पुढे बसवतो. त्या माणसाला गाडी हाकता यायची गरज नसते. त्याने फक्त तिथे बसायचे असते. शिडाच्या बोटीचे असेच आहे, फक्त उलाळी पुढेमागे नसून आडवी. वारा शिडावर बाजूने रेटा देतो, बोट दुसऱ्या बाजूला कलते. जास्त कलली की शिडावरून वारा निसटतो, सुकाणू पाण्यातून अर्धे वर येते, वेग पडतो. म्हणून ज्या बाजूने वारा येतो त्या काठावर माणसे ओळीने बसवतात, पाय बाहेर टाकून, छाती दोरावर टेकून. मोठ्या बोटींना खाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो, तरीही वरची ही माणसे लागतातच. शिसे बिचारे मध्यरेषेवरून हलत नाही, माणसे हलतात. बोटीने दिशा बदलली की साऱ्यांनी वाकून, शिडाखालच्या आडव्या दांड्याखालून सरपटत पलीकडच्या काठावर जायचे. तो दांडा डोक्यात बसला की काय होते हे एकदा बसल्यावर पुन्हा सांगावे लागत नाही.

म्हणूनच बोटवाल्यांची नेहमीची रड बोटीची नसते, माणसांची असते. बोट एकदा घेता येते. रविवारी दुपारी ठरल्या वेळी हजर राहणारी चार-पाच माणसे दर आठवड्याला नव्याने मिळवावी लागतात. कुणाच्या घरी लग्न, कुणाचे पोर आजारी, कुणी उन्हाला कंटाळलेला. शर्यत सुरू व्हायला तासभर उरला आहे आणि काठ रिकामा आहे, अशा वेळी बोटीचा मालक धक्क्यावरच्या अनोळखी माणसाकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर फारच समतावादी असते. त्याला ना तुमचे गाव विचारायचे असते, ना तुमचा व्यवसाय. सत्तर किलो? पोहता येते? चल. काळ्या गोळीने नाकारलेला माणूस वजनाच्या मापाने आत येतो तो असा.

या जागेवर बसून जे शिकायला मिळते ते वर्गात मिळत नाही. पहिला धडा वाऱ्याचा. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे मुंबईच्या बंदरात घड्याळ लावून भेटतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा सुस्त, दुपारच्या सुमारास तो पडतो आणि समुद्र तेलासारखा सपाट होतो. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दूर पाण्यावर एक गडद पट्टा सरकत येताना दिसतो, तोच वारा. शर्यती बहुधा याच्या भरवशावर दुपारी ठेवतात.

दुसरा धडा असा, की वाऱ्याच्या तोंडावर बोट जात नाही. साधारण ४५ अंशांच्या आत शीड नुसते फडफडते. मग वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ठिकाणी जायचे कसे? घाटात रस्ता जातो तसे. सरळ चढता येत नाही म्हणून वळणे घेत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. प्रत्येक वळणावर काठावरची माणसे बाजू बदलतात आणि प्रत्येक वळणावर थोडा वेग खर्ची पडतो. वळण कधी घ्यायचे यातच निम्मी शर्यत असते.

आणि तिसरा, सर्वात अवघड, भरती-ओहोटीचा. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरांहून जास्त वरखाली होते. भांगाच्या दिवसांत बरीच कमी. एवढे पाणी बंदरात शिरते आणि बाहेर पडते म्हणजे खाली चांगलाच प्रवाह असतो. वारा मंदावला आणि ओहोटी सुटली की शीड फुगलेले दिसते, बोटीपुढे पाणी चिरले जाते, पण काठाकडे पाहावे तर बोट चक्क मागे चाललेली. अशा वेळी जाणता तांडेल हळूच नांगर सोडतो. बाकीच्या बोटी शिडे सावरत मागे वाहत जातात आणि हा एका जागी उभा राहून सगळ्यांच्या पुढे जातो. थांबून शर्यत जिंकता येते असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

वाट कुणी कुणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत. वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या बोटीला डाव्या बाजूने घेणाऱ्याने वाट द्यायची, हा पहिला. पंच तिथे नसतो. चूक झाली की बोटीने आपणहून दोन गिरक्या घ्यायच्या आणि मग पुढे जायचे. दुसऱ्याची तक्रार असेल तर त्याने लाल झेंडा लावायचा, आणि संध्याकाळी समितीसमोर कागदावर बोटींची चित्रे काढत वाद घालायचा. या वादांत गावच्या बांधाच्या भांडणाचा सगळा रस असतो, आणि पाण्यावर बांधाची खूण राहत नसल्यामुळे ते जास्त वेळ चालतात.

दुसऱ्याच्या बोटीत काम करून पुढे जाण्याची सर्वात मोठी साखळी मराठी माणसाला अभिमानाने सांगता येईल अशी आहे, आणि तिची सुरुवात मुंबईच्या सुतारांपासून होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज व्यापारी जहाजांवर अधिकारी होता आणि त्याचा मुक्काम मुंबईत असे. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने कुलाब्याच्या गोदीत स्थानिक सुतारांकडून सागवानाची ३२ फुटी बोट बांधून घेतली. नाव ठेवले 'सुहैली'. ही बोट घेऊन तो १४ जून १९६८ ला इंग्लंडहून 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वी फिरून परतला. हे करणारा तो जगातला पहिला माणूस. शर्यतीत नऊ जण उतरले होते, परत पोहोचला तो हा एकटा. आणि त्याच्या बोटीच्या सांध्यासांध्यावर मुंबईच्या वाकसाचे घाव होते.

चाळीसेक वर्षांनी व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ठरवले, की हे एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या बोटीतून केले पाहिजे. आवटी १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते, नौदलाच्या पश्चिम विभागाचे माजी प्रमुख. निवृत्तीनंतर राहायला गेले कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी, समुद्रापासून पार दूर, अवर्षणी माळावर. २०१८ मध्ये ते वारले. भारताच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा पाठपुरावा त्या माळावरून चालला होता, ही गोष्ट पुणतांब्याच्या वाचकाने मनाशी ठेवावी.

नौदलातले पाणबुडे दिलीप दोंदे २००६ मध्ये या मोहिमेसाठी पुढे आले, तेव्हा ना बोट होती ना महासागरी शर्यतीचा अनुभव. पहिले शिक्षण म्हणून ते नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले. त्या वेळी वयाच्या साठीत तो पुन्हा एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करत होता. दोंदे त्याच्या बोटीवर पडेल ते काम करत राहिले. तोवर इकडे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादई' बांधायची तयारी झाली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले. प्रत्येक थांब्यावर त्यांच्या बोटीची डागडुजी पाहायला एक तरुण अधिकारी असायचा, अभिलाष टॉमी. १ नोव्हेंबर २०१२ ला तोच अधिकारी त्याच बोटीत एकटा निघाला आणि न थांबता १५० दिवसांत मुंबईला परत आला. साखळीचा पुढचा दुवा तर कादंबरीत शोभेल असा: २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी टॉमींनी जी बोट घेतली ती 'सुहैली'ची प्रतिकृती होती आणि बांधली होती गोव्यातल्या त्याच कारखान्याने. हिंदी महासागराच्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. २०२३ मध्ये त्यांनी तीच शर्यत दुसऱ्या बोटीतून दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली.

एवढ्या दूर जायचे नसेल, तर समुद्रही लागत नाही. मध्य प्रदेशाला इंचभर किनारा नाही. तिथल्या सरकारने भोपाळच्या मोठ्या तलावावर सेलिंगची शाळा काढली, आणि देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवले. हैदराबादेत हुसेनसागरावर गरीब वस्तीतल्या मुलांना होड्यांवर बसवणारा यॉट क्लब २००९ पासून आहे. लष्कराचे नौकानयन केंद्र मुंबईत मार्व्याला आहे आणि वल्हवण्याचे पुण्यात दापोडीला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटत होती. वल्ह्यांचा खेळ शिडाच्या खेळाहून वेगळा, पण वाट तीच: चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत होता. तळेगाव रोही आणि पुणतांबा यांच्यात अंतर फार नाही. पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, पैठणला, गोदावरी अडवून केलेला नाथसागर भोपाळच्या तलावाच्या कितीतरी पट मोठा आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यावर लाटा उठतील एवढा वारा असतो. मासेमारांना तो वारा चांगला ओळखीचा आहे.

तर गुरुजींचे पत्र. वय, वजन, पोहता येते हे लिहावे. विहिरीत कमरेला ट्यूब बांधून शिकलेले पोहणे इथे पूर्ण चालते. बोटीवर लाइफ जॅकेट असतेच, पण पाण्यात पडल्यावर न घाबरणारा माणूस हवा असतो, आणि विहिरीत गठ्ठा मारणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मग कोणकोणत्या रविवारी मुंबईत असणार त्या तारखा. 'कधीही येईन' असे लिहू नये. त्याचा अर्थ समुद्रावरही 'कधीच येणार नाही' असाच होतो. मुलीने आधी एखादी शनिवार-रविवारची शिकवणी घ्यावी. मुंबई बंदरात अशा शिकवण्या चालतात आणि त्यांना सभासदत्व लागत नाही. कॉलेजात एनसीसीची नौदल शाखा असेल तर मग प्रश्नच नाही, तिथे होडी फुकट आहे.

सोबत काय न्यावे? पांढऱ्या तळव्याचे बूट, कारण काळा तळवा डेकवर डाग पाडतो. टोपी, तिला बांधायची दोरी, पाणी. चष्मा असेल तर त्यालाही दोरी. गेटवेसमोरच्या बोटी बोयांना बांधलेल्या असतात, धक्क्याला लागून नाही. तिथवर क्लबाची लहान होडी नेते. त्या होडीत बसताना मध्यभागी पाय टाकायचा, काठावर नाही. यावरून तिथले लोक नवख्याला ओळखतात.

हंगामाचे गणित मात्र शेतकऱ्याच्या घरात बसून बघण्यासारखे आहे. पावसाळ्यात मुंबईच्या पाण्यात शिडाची हौस चालत नाही. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ वाहून मासेमारीला निघतात, पण यॉटवाले आणखी थांबतात. दसरा-दिवाळीच्या आसपास बोटी पुन्हा पाण्यात उतरतात आणि मे अखेरपर्यंत राहतात. म्हणजे पुणतांब्यात खरिपाची सुगी उरकत आली की समुद्राचा हंगाम सुरू. त्यातही मार्च ते मे या महिन्यांत दुपारचा वारा सर्वात जोरदार, काठावर जड माणसे सर्वात जास्त लागतात, आणि इकडे गहू-हरभरा निघाल्यावर हात मोकळे असतात.

अडचण येते ती शेवटी. मे संपताना बोटी पाण्याबाहेर काढायच्या असतात: डोलकाठ्या उतरवायच्या, शिडे धुऊन वाळवायची, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे. हे काम घामाचे, वासाचे आणि बिनपदकाचे असल्यामुळे या दिवशी निम्मे लोक गायब होतात. त्या दिवशी जो येतो त्याचे नाव बोटीचा मालक विसरत नाही. पुढच्या हंगामात काठावरची जागा त्याची, आणि कधीतरी फळ्यावर नाव लावायची वेळ आली तर सूचक आणि अनुमोदक शोधायला त्याला जावे लागत नाही. गुरुजी त्या दिवशी येऊ शकतात. अकरावीतली ती मुलगी शेतकऱ्याची असेल तर मात्र नेमकी तेव्हा अडकते, कारण त्याच आठवड्यात घरी बियाणे आणायचे असते आणि मृग पुढ्यात असतो. तिने सकाळी येऊन दुपारपर्यंत तळ खरवडावा आणि रात्रीच्या गाडीने मनमाड गाठावे.